शंका-समाधान : ‘टेक’ आणि आपले घेणे-देणे

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात, ‘परीक्षा देणे’ या अर्थी इंग्रजीत ‘टेक’ हे क्रियापद येते, असे मी लिहिले होते. त्या एका वाक्यावर ठाणे, कळवा, घणसोली, वाशी, नेरूळ अशा ठिकाणांहून इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर संपूर्ण याच क्रियापदाला द्यावे असे संपादकांनी सुचवले आणि मलाही ते पटले. शब्द अगदी लहान आहे. पहिलीतल्या मुलालाही तो येतो, आणि म्हणूनच मोठेपणी त्याच्याकडे पुन्हा वळून पाहावे असे कोणाला वाटत नाही. ‘टेक म्हणजे घेणे’ एवढे पाठ झाले की आपण पुढे जातो आणि पुढे आयुष्यभर अडखळत राहतो. पत्रांतील मजकूर जागेअभावी थोडा आटोपशीर केला आहे.

नौपाडा, ठाणे येथील एक पालक लिहितात : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीतील मुलाखतीत त्याने ‘आय गेव्ह द एक्झाम इन मे’ असे म्हटले. समोरच्या बाईंनी ‘यू मीन, यू टुक इट’ अशी दुरुस्ती केली आणि तो पुढे गोंधळून गेला. परीक्षा देणारा विद्यार्थी आणि घेणारे विद्यापीठ, हे तर आपण लहानपणापासून म्हणत आलो. मग इंग्रजीत विद्यार्थीच परीक्षा ‘घेतो’ हे कसे?

आपल्या मुलाला प्रथम एवढे सांगावे, की त्याचे बोलणे अडाणीपणाचे नव्हते. तो मराठीत विचार करत होता आणि मराठीत तो विचार पूर्णपणे योग्य आहे. आपल्या भाषेने परीक्षेकडे उत्तरांच्या बाजूने पाहिले आहे. विद्यार्थी उत्तरे देतो, आपली तयारी समोरच्याच्या हवाली करतो, म्हणून तो परीक्षा देतो. शिक्षक ती पारखून घेतो, म्हणून तो परीक्षा घेतो. सीतेने अग्निपरीक्षा दिली असे आपण म्हणतो तेव्हाही हीच दृष्टी असते, कारण कसोटीला उतरणारा माणूस स्वतःला पणाला लावत असतो. इंग्रजीने त्याच प्रसंगाकडे प्रश्नपत्रिकेच्या बाजूने पाहिले आहे. परीक्षक प्रश्नपत्रिका वाटतो, म्हणून तो ‘गिव्ह’ करतो. विद्यार्थी ती हातात घेतो आणि सोडवण्याचे काम स्वतःकडे घेतो, म्हणून तो ‘टेक’ करतो. प्रसंग तोच, खोलीही तीच, पाहणारा माणूस मात्र दुसऱ्या बाकावर बसलेला आहे.

त्यामुळे ‘आय गेव्ह द एक्झाम’ हे वाक्य लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या माणसाने ऐकले, तर आपल्या मुलाने मे महिन्यात कोणाची तरी परीक्षा घेतली असा त्याचा समज होईल. गंमत वाटावी इतका उलटा अर्थ होतो, म्हणूनच त्या बाईंनी दुरुस्ती केली असावी. भारतात मात्र हिंदी, गुजराती, मराठी अशा अनेक भाषांत परीक्षा ‘देण्याचीच’ पद्धत असल्यामुळे येथील इंग्रजीत ‘गिव्ह’ सर्रास चालते आणि ऐकणाऱ्याला ते कळतेही. घरी-दारी कोणी तसे बोलले तर मी त्याला टोकणार नाही. अर्ज, मुलाखत, परदेशी विद्यापीठाला लिहिलेले पत्र, अशा ठिकाणी मात्र ‘टेक’ वापरावे. ब्रिटिश वळणाचे इंग्रजी आवडत असेल तर ‘सिट’ हेही आहे : ‘आय सॅट द एक्झाम इन मे’. आपल्या जुन्या शिक्षकांच्या तोंडी असलेले ‘सिट फॉर’ हेही चुकीचे नाही. मराठीतील ‘परीक्षेला बसणे’ त्याच्या अगदी जवळ आहे, तेव्हा ज्याला ‘टेक’ जिभेवर रुळत नाही त्याने हा मार्ग धरावा.

याच धाग्यातली आणखी एक गोष्ट आपल्या मुलाला उपयोगी पडेल. ‘आय गेव्ह अॅन इंटरव्ह्यू’ असे आपण सहज म्हणतो, कारण मुलाखतही आपण ‘देतो’. इंग्रजीत हे वाक्य एखाद्या लेखिकेने किंवा खेळाडूने वर्तमानपत्राला मुलाखत दिली तर शोभते. नोकरीसाठी गेलेल्या उमेदवाराने ‘आय हॅड अॅन इंटरव्ह्यू’ किंवा ‘आय वेंट फॉर अॅन इंटरव्ह्यू’ असे म्हणावे. येथे ‘टेक’ही नाही. परीक्षेला ‘टेक’ चालते म्हणून मुलाखतीलाही ते लावावे असा मोह होईल, तो आवरावा.

आणि ‘तास घेणे’ हे तर आणखी अवघड प्रकरण आहे. मी आयुष्यभर वर्गावर तास घेतले, म्हणजे शिकवले. ब्रिटिश इंग्रजीतही शिक्षिका वर्ग ‘टेक’ करते, त्यामुळे ‘आय टेक द टेन्थ स्टँडर्ड फॉर इंग्लिश’ हे वाक्य आपल्या शाळांमध्ये बरोबर समजले जाते. अमेरिकेत मात्र ‘आय टेक अॅन इंग्लिश क्लास’ म्हणणारी व्यक्ती बाकावर बसून शिकणारी असते. ज्यांना अमेरिकी माणसांशी बोलायचे आहे अशा शिक्षकांनी ‘टीच’ हे स्वच्छ क्रियापद वापरावे, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही.

घणसोली, नवी मुंबई येथील एक वाचक विचारतात : आमच्या कार्यालयात परदेशी सहकाऱ्यांशी रोज पत्रव्यवहार असतो. मी ‘वुई हॅव टेकन अ डिसिजन’ असे लिहिले, तर एका सहकाऱ्याने ते कापून ‘मेड’ केले. ‘निर्णय घेणे’ याचे मी शब्दशः भाषांतर केले, हीच माझी चूक ना?

मुळीच नाही. येथे मराठी आणि ब्रिटिश इंग्रजी एकाच वाटेने चालतात. ‘टेक अ डिसिजन’ हे ब्रिटिश लेखनात प्रतिष्ठित आहे, विशेषतः विचारविनिमय करून, अधिकाराने घेतलेल्या निर्णयाबद्दल ते येते. अमेरिकी इंग्रजीत ‘मेक’चाच प्रघात आहे आणि आपला सहकारी बहुधा त्याच सवयीचा असावा. ज्यांना पत्र जायचे आहे त्यांची सवय पाळणे हे सौजन्य आहे, म्हणून त्यांच्यासाठी ‘मेड’ लिहावे. परंतु आपण अशुद्ध लिहिले होते असा समज मनात ठेवू नये. मराठीतून आलेले ते सगळे चूक, ही धास्ती आपल्याकडे फार खोल गेली आहे आणि ती जायला हवी. शपथ घेणे, सूड घेणे, फायदा घेणे, जबाबदारी घेणे, श्वास घेणे, भाग घेणे, काळजी घेणे, विश्रांती घेणे, या सर्व ठिकाणी इंग्रजीतही ‘टेक’च आहे. इतक्या ठिकाणी दोन भाषांनी एकच क्रियापद निवडलेले पाहिले, की मला दरवेळी आनंद वाटतो.

कासारवडवली, ठाणे येथील एक वाचक लिहितात : घोडबंदर रस्त्याने कार्यालयात जायला मला रोज दीड-दोन तास लागतात. उशीर झाला की वरिष्ठांना संदेश पाठवावा लागतो, आणि दर वेळी ‘लागणे’ या क्रियापदापाशी माझे वाक्य थांबते. ‘टू अवर्स आर रिक्वायर्ड फॉर मी’ असे लिहितो, पण ते बरे वाटत नाही.

आपले वाक्य व्याकरणाने उभे राहते, पण ते कोणी बोलत नाही. येथे ‘टेक’ हेच क्रियापद हवे, आणि मराठी भाषकाने या क्रियापदाचा जो उपयोग सर्वांत आधी आपलासा करावा, तो माझ्या मते हाच आहे.

‘मला दोन तास लागतात’ या मराठी वाक्यात माणूस चतुर्थीत जातो, कर्ता तास असतात, आणि क्रियापद तासांच्या वचनाप्रमाणे चालते : एक तास लागतो, दोन तास लागतात. इंग्रजीत तासांना कर्त्याची जागा मिळत नाही. तेथे ‘इट’ हा एक रिकामा शब्द कर्त्याच्या जागी बसवतात आणि तास कर्म होतात : ‘इट टेक्स मी टू अवर्स टु रीच द ऑफिस’. हा ‘इट’ कशाचेही नाव नाही. ‘पाऊस पडतो आहे’ म्हणताना ‘इट इज रेनिंग’ यात जो ‘इट’ येतो त्याचाच हा भाऊ. तास कितीही असले तरी क्रियापद ‘टेक्स’च राहते, कारण ते ‘इट’शी बांधलेले आहे. ‘टू अवर्स टेक’ असे ऐकू येते ते आपल्या ‘दोन तास लागतात’ या अनेकवचनामुळे. एवढी गाठ सुटली की बाकीचे आपोआप येते. काल लागले : ‘इट टुक मी’. उद्या लागतील : ‘इट विल टेक मी’. आज अजून किती लागतील, हे वरिष्ठांनी विचारले तर : ‘इट विल टेक अनदर हाफ अॅन अवर’.

कर्त्याच्या जागी प्रवास किंवा गाडी ठेवली तरी चालते. ठाण्याहून वाशीची लोकल साधारण अर्ध्या तासात पोहोचते, हे ‘द ट्रेन टेक्स अबाउट हाफ अॅन अवर’ असे सांगता येईल. पण माणूस कर्ता केला, तर अर्थाला एक छटा चिकटते, तिच्याकडे लक्ष द्यावे. ‘इट टुक मी टू अवर्स’ यात रस्त्याचा, गर्दीचा, कामाच्या आकाराचा दोष असू शकतो. ‘आय टुक टू अवर्स’ म्हटले, की वेळ आपण घेतला, कदाचित हवा तितका सावकाश घेतला, असे सूचित होते. मराठीतही ‘मला दोन तास लागले’ आणि ‘मी दोन तास घेतले’ यांत नेमका हाच फरक आहे. उशिराचा संदेश पाठवताना पहिली रचना वापरावी, हे मी आपणास मुद्दाम सांगते.

हा ‘लागणे’ केवळ वेळेपुरता नाही. हे कपाट हलवायला चार माणसे लागतील : ‘इट विल टेक फोर पीपल टु मूव्ह धिस कबर्ड’. खरे बोलायला धैर्य लागते : ‘इट टेक्स करेज टु टेल द ट्रूथ’. येथे काम पुरे होण्यासाठी जे खर्ची पडते ते ‘टेक’चे कर्म होते. मात्र मराठी ‘लागणे’ फार ऐसपैस आहे आणि ‘टेक’ त्याच्या मागोमाग सगळीकडे जात नाही. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, वेड लागते, दिवा लागतो, मुलीला नोकरी लागते. यांपैकी एकाही ठिकाणी ‘टेक’ नाही. ‘मला उद्या ते पुस्तक लागेल’ यातही नाही, तेथे ‘नीड’ आहे. काम पुरे करण्यासाठी जे मोजावे लागते, खर्चावे लागते, तेवढ्याच ‘लागणे’ला ‘टेक’ लावावे.

आणखी दोन वाक्ये येथेच नोंदवून ठेवते. ‘टेक युअर टाइम’ म्हणजे ‘तुमचा वेळ घ्या’ असे नव्हे, तर ‘घाई नाही, सावकाश करा’. आणि ‘टेक टाइम ऑफ’ म्हणजे कामातून सुट्टी घेणे. सुट्टी ‘लीव्ह’ या शब्दाने सांगायची तर ‘आय टुक टू डेज लीव्ह’ असे म्हणावे. कारण त्याच जोडीला पुढे ‘ऑव्ह’ (एका ‘एफ’चा) आणि माणूस जोडला, म्हणजे ‘आय टुक लीव्ह ऑव्ह माय फ्रेंड्स’ असे झाले, की अर्थ ‘मी मित्रांचा निरोप घेतला’ असा होतो.

वाशी येथील एक आजी लिहितात : बाई, माझी नात इंग्रजी माध्यमात आहे. मी ‘टेक’ म्हटले की ती ‘ब्रिंग’ म्हणते आणि ‘ब्रिंग’ म्हटले की ‘टेक’. मला या वयात हे शिकता येईल का?

आजी, आपल्याला ते आधीच येते आहे. ‘घेऊन येणे’ म्हणजे ‘ब्रिंग’ आणि ‘घेऊन जाणे’ म्हणजे ‘टेक’. मनात वाक्य मराठीत बोलून पाहावे आणि शेवटी ‘ये’ आला की ‘जा’ आला एवढेच ऐकावे. डॉक्टर म्हणतात, ‘पुढच्या वेळी जुने रिपोर्ट घेऊन या’. हे ‘ब्रिंग’ झाले. घरातून निघताना सूनबाई म्हणते, ‘रिपोर्ट घेऊन जा हं, आई’. हे ‘टेक’ झाले. रिपोर्ट तेच आणि दवाखानाही तोच, फक्त बोलणारी व्यक्ती कोठे उभी आहे ते बदलले. समोरच्याकडे आपण जाणार असलो तरी मराठीत आपण नम्रतेने ‘मी उद्या तुमच्याकडे येते’ असे म्हणतो आणि इंग्रजीतही तेथे ‘कम’च येतो. म्हणून लेकीला फोनवर सांगताना, ‘आय विल ब्रिंग लाडूज टुमॉरो’. लाडू वाशीहून पनवेलला चालले असले तरी ऐकणारीच्या दृष्टीने ते येत आहेत. नात जेव्हा ‘फेच’ म्हणेल, तेव्हा जाऊन घेऊन परत येणे असे समजावे. दोन्ही फेऱ्या त्या एका शब्दात आल्या.

कळवा येथील एक वाचक : चहा, औषध, फोटो, तिकीट, आंघोळ, कशाला ‘टेक’ आणि कशाला नाही?

औषधाला निःशंकपणे ‘टेक’. गोळी असो की पातळ औषध असो, मराठीतले ‘औषध घेणे’ येथे तंतोतंत जुळते. चहाचे थोडे नाजूक आहे. ‘विल यू टेक टी’ हे एके काळचे ब्रिटिश इंग्रजी असून आपल्याकडे ते जपले गेले आहे. आज ‘हॅव’ अधिक ऐकू येतो. पण ‘चहात साखर घेता का’ हे आजही ‘डू यू टेक शुगर’ असेच विचारतात. जेवणाला ‘हॅव’ लावावे. आंघोळीला अमेरिकेत ‘टेक’ आणि ब्रिटनमध्ये ‘हॅव’ असा कल आहे, दोन्ही चालतील. फोटो आपण काढतो, इंग्रज ‘टेक’ करतो. ‘रिमूव्ह द फोटो’ म्हटले तर भिंतीवरची तसबीर उतरवली जाईल. तिकीटही आपण काढतो, पण तेथे ‘बाय’ किंवा ‘गेट’ म्हणावे. लोकलमध्ये ‘इथे कोणी आहे का’ असे आपण विचारतो, त्याला ‘इज धिस सीट टेकन’ हे नेमके इंग्रजी आहे.

ठाण्यातील एक ज्येष्ठ वाचक लिहितात : मराठी ग्रंथसंग्रहालयात शब्दकोश चाळत बसणे हा माझा जुना छंद आहे. ‘टेक’ हा शब्द मुळात कोठला? जर्मनमध्ये त्याच्यासाठी अगदी वेगळा शब्द आहे, तो का?

1893 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत बसून असा प्रश्न कोणाला पडावा, याचे मला फार समाधान वाटले. ‘टेक’ हा इंग्रजीचा घरचा शब्द नाही. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी ‘निमन’ असे क्रियापद होते, आणि आपण म्हणता तो जर्मनमधील ‘नेमेन’ त्याचाच सख्खा भाऊ. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातून आलेले लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती करून राहिले. त्यांच्या बोलीत ‘टाका’ असे क्रियापद होते. शेजारी राहणाऱ्या, एकमेकांशी व्यवहार आणि सोयरीक करणाऱ्या लोकांच्या तोंडी ते रुळत गेले आणि पुढील काही शतकांत त्याने ‘निमन’ला बाजूला सारले. एखाद्या भाषेने वस्तूंची नावे बाहेरून घ्यावीत हे नित्याचे आहे. घेण्यासारख्या अगदी मूळच्या क्रियेचे नाव बाहेरून यावे, हे मात्र विरळा. नुसती सत्ता आल्याने असे होत नाही. त्यासाठी दोन समाजांना एकाच विहिरीवर पाणी भरावे लागते.

‘निमन’ पूर्णपणे नाहीसा झाला असे मात्र नाही. थंडीने बोट बधिर झाले की इंग्रजीत त्याला ‘नम’ म्हणतात. हे त्या जुन्या क्रियापदाचे भूतकालवाचक विशेषण आहे, म्हणजे बोट थंडीने ‘घेतलेले’, ‘ग्रासलेले’. चपळ या अर्थाचा ‘निंबल’ हाही त्याच मुळाचा, चटकन घेणारा, चटकन पकडणारा. ‘टाका’च्या नात्यातला एक शब्द गॉथिक या लुप्त झालेल्या भाषेत आहे आणि तेथे त्याचा अर्थ ‘स्पर्श करणे’ असा आहे. प्रथम हात लावणे, मग पकडणे, मग आपल्याकडे घेणे आणि शेवटी घेऊन दूर जाणे, असा या शब्दाचा प्रवास झाला असावा असे मला वाटते. आपले ‘घेणे’ संस्कृतातील ‘ग्रह्’ या धातूपासून प्राकृतातून आले आहे आणि त्याच्याही मुळाशी पकडच आहे. फरक असा, की दूर जाण्याचा भाग आपण ‘नी’ या धातूपासून आलेल्या ‘नेणे’कडे सोपवला. इंग्रजीने दोन्ही कामे एकाच शब्दावर टाकली. वाशीच्या आजींना आणि त्यांच्या नातीला जी अडचण पडते, तिचे मूळ येथे आहे.

कोपरखैरणे येथील दहावीचा एक विद्यार्थी : बाई, शिकवणीत आम्हाला ‘टेक’ची चाळीस वाक्यप्रयोगांची यादी पाठ करायला दिली आहे. ‘टेक ऑफ’, ‘टेक अप’, ‘टेक इन’ सगळे एकमेकांत मिसळते. काय करू?

बाळा, ती यादी काही दिवस बाजूला ठेव आणि ‘टेक’च्या मागे येणाऱ्या चिमुकल्या शब्दाकडे पाहा. ‘ऑफ’ म्हणजे अलग होणे. बूट पायापासून अलग होतात, विमान धावपट्टीपासून अलग होते, एखाद्याचा नवा व्यवसाय जमिनीवरून वर उठतो. तिन्ही ठिकाणी ‘टेक ऑफ’ आहे. ‘इन’ म्हणजे आत. निराधार माणसाला घरात आत घेणे, ऐकलेले मनात आत घेणे, सैल कपडा आत घेऊन शिवणे. त्याच ‘इन’चा आणखी एक अर्थ आहे, फसवून जाळ्यात आत ओढणे, ‘आय वॉज टेकन इन’ म्हणजे मी भुललो. ‘डाउन’ म्हणजे खाली. भिंतीवरचे खाली काढणे, आणि बोललेले खाली कागदावर उतरवणे. मराठीतही आपण ‘उतरवून घे’ म्हणतो, तेथे ‘उतरणे’ आहेच की. ‘ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे, ‘ऑन’ म्हणजे काम अंगावर घेणे, ‘अप’ म्हणजे नवे काम किंवा छंद हाती घेणे, शिवाय जागा आणि वेळ व्यापणे. ही चित्रे डोळ्यांपुढे आली की यादीतील बहुतेक प्रयोग तुझे तुलाच उलगडतील.

एक नियम मात्र पाठच कर. ‘टेक ऑफ युअर शूज’ आणि ‘टेक युअर शूज ऑफ’ दोन्ही बरोबर आहेत, पण बुटांच्या जागी ‘देम’ आला तर तो मध्येच बसतो : ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ असे कधीही लिहू नकोस. विमानाला तर कर्मच नसते, ते आपले आपण ‘टेक्स ऑफ’. तुझ्या पत्रात ‘द मीटिंग वॉज टेकन प्लेस’ असे एक वाक्य आहे, तेही सुधारून घे. ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणे, आणि घडणाऱ्या गोष्टीला कोणी घडवणारा लागत नाही. बोरीबंदर ते ठाणे हा देशातला पहिला प्रवासी रेल्वेप्रवास 16 एप्रिल 1853 रोजी झाला, हे तू आपल्या भागाच्या इतिहासात वाचले असशील. ते ‘टुक प्लेस ऑन सिक्सटीन्थ एप्रिल’ असे लिही. आणि ‘टुक’ हा उच्चार ऱ्हस्व आहे; ‘टूक’ असा तो लांबवू नकोस. ‘हॅज टुक’ कधी होत नाही, ‘हॅज टेकन’ होते.

नेरूळ येथील एक वाचक : ‘मनावर घेणे’ म्हणजेच ‘टेक टु हार्ट’ का? आणि दुसरे म्हणजे, माझ्या मुलाचे लग्न परदेशी मुलीशी झाले आहे. नातीचा हसरा चेहरा थेट तिच्या त्या आजीसारखा आहे. विहीणबाईंना हे इंग्रजीत लिहून कळवायचे आहे. ‘शी हॅज टेकन युअर फेस’ असे लिहिले तर चालेल का?

‘टेक टु हार्ट’ आणि ‘मनाला लावून घेणे’ यांची जोडी चांगली जमते. कोणाचे बोलणे फार लागले, किंवा कोणाचा उपदेश खोलवर पोहोचला, अशा दोन्ही प्रसंगी ते येते. ‘मनावर घेणे’ वेगळे. ‘तिने मनावर घेतले तर दोन दिवसांत काम होईल’ यात निश्चय आहे, दुखावणे नाही. तेथे ‘टेक टु हार्ट’ लिहिले तर वाचणाऱ्याला ती रुसली आहे असे वाटू शकेल, म्हणून ‘इफ शी सेट्स हर माइंड टु इट’ असे म्हणावे. ‘फैलावर घेणे’ यासाठी मात्र ‘टेक टु टास्क’ आहे आणि ‘गृहीत धरणे’ यासाठी ‘टेक फॉर ग्रांटेड’.

विहीणबाईंना आपले वाक्य तसे पाठवू नये. त्यांचा चेहरा कोणी काढून नेला असा भास त्यातून होतो. आपण मराठीत ‘नात आजीच्या वळणावर गेली’ असे म्हणतो, त्यासाठी इंग्रजीत ‘टेक आफ्टर’ हा सुरेख प्रयोग आहे. तो रक्ताच्या नात्यातील वडीलधाऱ्यांच्या साम्याविषयीच वापरतात. चेहरा, स्वभाव, चालणे-बोलणे सगळे त्यात येते. ‘शी टेक्स आफ्टर यू, एस्पेशली व्हेन शी स्माइल्स’ असे लिहावे. फोटो सोबत जोडणार असाल तर खाली ‘आय टुक धिस यस्टरडे’ एवढे लिहिले की पुरे.